पाणी न चढलेला बटाटा

विज्ञानाच्या सरांनी बटाटा सोलला, त्यात वाटीसारखा खळगा कोरला आणि डब्यात ठेवून आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही." उद्याच्या तपासणीत साहेबांचा शेरा चांगला पडला, तरच मुख्याध्यापकाची खुर्ची मिळणार होती. अठरा वर्षं हाच प्रयोग. खळग्यात साखरेचा पाक ओतायचा, बटाटा पाण्यात बसवायचा आणि पाकाच्या पातळीला टाचणी टोचायची. पेशींच्या पडद्यांतून पाणी आत शिरतं, पातळी टाचणीच्या वर चढते. बटाट्याने आजवर एकदाही दगा दिला नव्हता.

सकाळी साहेब शेवटच्या बाकावर बसले. सरांनी टाचणी टोचली. ती लोण्यात जावी तशी गेली.

अर्धा तास ते बोलत राहिले. पातळी जागची हलली नाही.

"सर, पाणी कधी चढणार?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"चढणार नाही," सर म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "हा बटाटा उकडलेला आहे. उकडल्यावर पेशींचे पडदे निकामी होतात. मग कुणाला आत घ्यायचं नि कुणाला अडवायचं, हे बघणार कोण?"

साहेबांनी चष्मा पुसला. "कच्चा सगळेच दाखवतात. उकडलेला दाखवणारे तुम्हीच पहिले. उद्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. चार शाळांचे शिक्षक घेऊन येतो. शेरा मग लिहू."

घरी येताच सर म्हणाले, "आई, हात लावू नको म्हटलं होतं."

"हात कुठे लावला? कुकरमधून चिमट्याने काढला. झालं का नीट?"

"झालं."

"मग? तुझ्या कच्च्याने झालं असतं?"

कच्चा तर सगळेच दाखवतात; तिचं बरोबर होतं. सरांनी दोन बटाटे कोरले आणि तिला तीनदा समजावलं: साहेब चार शिक्षकांना घेऊन येणार, यातला एक उकडायचा, दुसरा कच्चाच हवा.

सकाळी सरांनी डबा उघडून दोन्हींना टाचणी लावून पाहिली. दोन्हीकडे लोणी.

"आई, एक कच्चा सांगितला होता ना?"

"सांगितलास खरा. पण आलेल्या माणसांपुढे एक शिजलेला आणि एक कच्चा ठेवायचा, बरं दिसतं का ते?"

सर घड्याळाकडे बघत टोपलीकडे धावले. टोपली रिकामी होती.

"तिथे काय शोधतोस?" आई कुकरचं झाकण काढत म्हणाली. "पाच माणसं येणार म्हणालास. दोन बटाटे पुरतात होय?"