डोळा, मानवी, नग दोन

ज्या गोष्टीला आकडा नाही, ती शास्त्राच्या दृष्टीने घडलेलीच नसते. एकोणीसशे त्र्याहत्तर साली नागपूरच्या एका संशोधन संस्थेत नेमकी हीच अडचण उभी राहिली. तिथे उंदराच्या यकृताचे पातळ काप काढून काचेवर रंगवत. पेशीत विकर नावाचा एक कामगार असतो. तो जितका कामसू, तितका काप जांभळा होई. उकळून मारलेलं विकर काहीच करत नसे, म्हणून तो काप कोरा राही. (सरकारी खात्यांसाठी असा रंग अजून निघालेला नाही.) किती जांभळा, हे मोजणारं यंत्र परदेशातून आलंही होतं. पण त्याला खोलीत कायम बावीस अंश लागत, आणि नागपूरला एवढं सांगायची कोणाची छाती नव्हती. यंत्र खोक्यातच राहिलं. खोक्यावर चहाची किटली छान बसायची.

काचा धुवायला सिंधूताई होत्या. त्या रोज कन्हानहून बसने येत, रोजंदारीवर. लग्नाच्या दिवसांत अर्धं कन्हान त्यांना इतवारीच्या कापडबाजारात नेई, कारण लुगड्याला जुळणारं पोलक्याचं कापड त्यांच्याइतकं कोणी ओळखत नसे. एकदा काचा पुसता पुसता त्या म्हणाल्या, "साहेब, हे दोन सारके नाही जी. हे इतकुसं फिक्कं हाय."

विभागप्रमुख डॉक्टर वामनराव यांनी बारा काचा तीनदा उलटसुलट केल्या. सिंधूताईंनी तीनदा त्याच क्रमाने लावून दाखवल्या. त्या दिवसापासून त्या धुऊ लागल्या आणि मोजूही लागल्या.

मोजपट्टी साधी होती: मेलेला काप शून्य, पिकलेलं जांभूळ शंभर. सूक्ष्मदर्शकात बघून सिंधूताई सांगत, "बावन आन् थोडं." शास्त्रात 'थोडं' चालत नाही, म्हणून तक्ता ठरला. इतकुसं म्हणजे दशांश एक, थोडं म्हणजे दशांश तीन, बरंच म्हणजे दशांश सात. (लय म्हणजे पुढचा पूर्णांक.) या मोजमापावर सात वर्षांत अकरा निबंध छापून आले आणि चौघे डॉक्टर झाले. चौघांपैकी तिघांना जांभळा कुठला आणि निळा कुठला, हे अजून सिंधूताईच सांगत.

निबंधात आलेलं उपकरण साठावहीत असावंच लागतं. भांडारपाल रुपरावांनी नियमाने नोंद केली: 'क्रमांक ११७. डोळा, मानवी, नग दोन. चालू स्थितीत.' वापरात नसताना उपकरण झाकून ठेवावे असाही नियम असल्यामुळे दुपारी दोन ते अडीच सिंधूताई डोळ्यांवर पदर घेऊन अधिकृतपणे झोपत. एवढा मान सोडला तर बाकी रोजंदारीच होती.

ऐंशी साली हुकूम आला, की पाच वर्षं भरलेल्या रोजंदारांना कायम करावे. सिंधूताईंचा जीव त्या हुकमात अडकला. नवरा कोळशाच्या खाणीतून खोकला घेऊन घरी बसला होता, आणि कायम माणसाच्या घरच्यांना संस्थेचा दवाखाना मिळे. यादी लागली. त्यांचं नाव नव्हतं.

"मले काहून वगळलं जी?"

"तुमाले कोनं वगळलं?" रुपरावांनी वही उघडून दाखवली. "हे पाहा. तुमी त सामानात हाव. सामानाले कायम कसं करतेत?"

वामनरावांनी कळकळीने शिफारस लिहिली: 'सात वर्षांत एकही चूक नाही.' त्यामुळे सिंधूताई यंत्र असल्याबद्दल कार्यालयाला उरलासुरला संशय होता तोही फिटला. आता एकच वाट होती. उपकरण नादुरुस्त ठरून बाद व्हावं, मग त्यातून मोकळ्या झालेल्या बाईने माणूस म्हणून अर्ज करावा. त्यासाठी तीन डॉक्टरांची समिती बसली. (तिघेही त्या चौघांपैकी.)

समितीने पहिलीच काच उकळलेल्या कापाची ठेवली. कोरी. सिंधूताईंनी जन्मात कोणाला चुकीचा रंग सांगितला नव्हता. नवऱ्याचा खोकला आठवून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "त्र्याऐंशी आन् थोडं."

समितीने हिशोब मांडला. उपकरण बिघडलंय म्हणावं, तर अकरा निबंध बिघडतात आणि तिघांच्या नावापुढचं डॉक्टर जातं. उपकरण ठीक आहे म्हणावं, तर फक्त एक मेलेला काप जिवंत करावा लागतो. अहवाल एकमताने झाला: 'उपकरण उत्तम. नागपूरच्या हवेत उकळलेले विकरही कार्यक्षम राहते. मापन त्र्याऐंशी दशांश तीन.' हाच पुढे बारावा निबंध झाला.

"अवो, मी खोटं बोलली जी! त्या काचीवर काहीच नव्हतं!" सिंधूताई रडत ओरडल्या. पण मापन दिल्यानंतर उपकरणाने काढलेला आवाज नोंदवायला तक्त्यात रकाना नव्हता.

पुढच्या मार्चात साठ्याची मोजणी झाली. रुपरावांनी सिंधूताईंसमोर उभं राहून खाली मान घातली आणि वहीत लिहिलं, 'आढळले.'

तुम्हाला हसू आलं असेल, तर कपाटातला आपला रक्ताचा रिपोर्ट काढून बघा. त्यात एका आकड्यापुढे दशांश तीन आहे. तेवढ्यावर तुम्ही साखर सोडलीत, आणि खालची सही कोणाची हेही वाचलंत. हा आकडा आधी कोणाच्या डोळ्याने पाहिला, ते विचारलं नाहीत. ते राहू द्या. सिंधूताईंच्या नवऱ्याचा खोकला थांबला का, हे तरी तुम्ही आत्तापर्यंत कुठे विचारलंत?