तळेकर काकांचं न फिरलेलं मीटर

तळेकर काका कुणाच्याही घरी गेले की आधी मीटर बघतात, मग माणसं. चपला काढता काढताच मान वर करायची, जिन्याखालच्या डबीतलं रीडिंग ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं आणि मगच, "काय, बरं आहे ना सगळं?" दौलतगंजातल्या एका घरी माणूस गेलं होतं, तिथेही त्यांनी आधी रीडिंग घेतलं. मी शेजारीच उभी होते, म्हणून सांगते.

काका वीज खात्यात मीटर तपासायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, नजर मात्र अजून नोकरीत आहे. तारेवर हूक टाकून चोरून वीज घ्यायची, त्याला आमच्या ग्वाल्हेरीत कटिया म्हणतात. काकांनी सख्ख्या मेव्हण्याची कटिया पकडली, तीही त्याच्याकडच्या सत्यनारायणाच्या दिवशी. आधी प्रसाद खाल्ला, हात धुतले, मग पंचनामा केला. "प्रसाद देवाचा, तार खात्याची," म्हणाले. मेव्हणा तेव्हापासून बोलत नाही. काकू गेल्या तेव्हा आला, मीटरकडे पाठ करून उभा राहिला आणि निघून गेला.

काकांचा सगळा कायदा एका वाक्यात मावतो: मीटर फिरलं नाही, तर गुन्हा नाही.

हे वाक्य मला पाठ आहे, कारण सात महिने मी ते इंग्रजीत टाइप करत होते. टोपी बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. लोकांच्या भानगडी माझ्या बोटांखालून जातात आणि संध्याकाळपर्यंत मी त्या विसरते. काकांची विसरता आली नाही.

त्यांचा मुलगा नितीन आखातात कॉम्प्युटरच्या कामाला होता. तिथे भाड्याच्या बंगल्यात त्याने क्रिप्टोची यंत्रं बसवली. ही यंत्रं दिवसरात्र गणितं सोडवतात आणि त्याबदली हाताला न लागणारी नाणी मिळतात, एवढं मला समजलं. जास्त समजून घ्यायची गरज पडली नाही. यंत्रं वीज फार खातात. तिथल्या सरकारला वीज पुरेना, तेव्हा त्यांनी हा उद्योगच बंद करून टाकला. नितीन घाबरला, त्याने वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, "सरकारची तार सोड. छतावर सोलर लाव, बॅटऱ्या ठेव. आपली वीज, आपलं यंत्र. त्यांचा संबंध काय?"

मुलाने ऐकलं. चार महिन्यांनी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

गल्लीत काका सांगायचे, नितीन ट्रेनिंगला गेलाय. आता गल्लीलाही कळलंय, म्हणून लिहिते.

काका रोज अकराला दुकानात हजर. आधी माझं मीटर. "अंकल जी, मीटर कहीं भागा नहीं जा रहा, जरा साइड दो," गिऱ्हाईकं म्हणायची. मग स्टुलावर बसून मजकूर सांगायला सुरुवात. कधी तिथल्या वकिलाला, कधी वकिलातीला, कधी थेट मंत्र्याला. "लिहा ताई. माझ्या मुलाने सरकारचं एक युनिटही वापरलेलं नाही. सोबत त्याच्या बंगल्यातल्या मीटरचा फोटो."

"काका, बंदी विजेवर नाहीये. त्या कामावर आहे."

"काम कशावर झालं? विजेवर. वीज कुणाची? त्याची. बिल्कुल साफ केस आहे."

"घरच्या गुळाची दारू घरात गाळली तरी पोलीस नेतातच ना?"

"दारूने माणूस बिघडतो. गणितं सोडवून कोण बिघडलंय?"

मी टाइप करत राहिले. याचं उत्तर त्या सरकारकडे असेल, पण त्यांनी दिलं नाही.

मग एके दिवशी तिथल्या वकिलाची मेल आली. मी ती वाचून मराठीत सांगितली. नितीनला मीटरनेच पकडून दिलं होतं. भर उन्हाळ्यात आजूबाजूच्या घरांची मीटरं गरगर फिरत होती आणि या एका घरात माणूस राहतोय, आत पंखे घरघरतायत, मीटर मात्र महिनोन्‌महिने जागचं हललेलं नाही. तेवढ्यावरून ते आत शिरले. आणि तोच फोटो मी प्रत्येक अर्जाला जोडत होते.

काकांनी तो फोटो मागून घेतला, बघितला. मग म्हणाले, "मी पण असंच पकडायचो."

"कसं?"

"चालू घर, बंद मीटर. दिसलं की शिरायचं. छत्तीस वर्षं तेच केलं. पोराला सांगताना डोक्यातच आलं नाही."

वकिलाचा सल्ला साधा होता. वाद घालू नका. मुलगा गुन्हा कबूल करेल, तुम्ही बाप म्हणून दोन ओळींत दया मागा. तीन आठवडे काका अडून बसले. कबूल म्हणजे चोर, आणि तळेकरांच्या घरात चोर नाही. शेवटी मी विचारलं, "काका, तुम्हाला मुलगा हवा की मुद्दा?" ते उठून गेले. जाताना मीटरही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हाताने लिहिलेली तीन पानं घेऊन आले. "दोन ओळी वकील म्हणतो तशा पाठवा. आणि हेही पाठवा."

पानांत लिहिलं होतं: यंत्रं विकून टाकतो, असं मुलगा फोनवर म्हणाला होता. मीच म्हटलं, घाबरतोस कशाला, तुझा बाप मीटरवाला आहे. तरी शिक्षा मला द्यावी. मी एकटा आहे, तब्येत ठीक आहे, स्वतःच्या खर्चाने येईन. पासपोर्टचा अर्ज केला आहे.

मी इंग्रजी केलं. एरवी लोकांच्या मजकुरात मी सुधारणा सुचवते. या वेळी नाही.

महिन्याभराने वकिलाचं उत्तर आलं. दयेचा अर्ज दाखल झाला आहे, निर्णय केव्हा होईल सांगता येत नाही, वर्षंही लागतील. दुसरं पत्र दाखल केलेलं नाही, कारण परदेशात बसून कुणी फोनवर सल्ला दिला, तर त्याच्यावर तिथे खटला होत नाही. आपल्यावर कोणताही आरोप नाही, निश्चिंत राहावं.

शेवटचं वाक्य काकांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे मला कुणी धरणार नाही?"

"नाही, काका."

"हे बरोबर नाही, ताई. पुन्हा लिहा त्यांना."

मी नवं पान उघडलं. नाव घातलं, पत्ता घातला. "विषय?" मी विचारलं. "माझा गुन्हा," काका म्हणाले, आणि लगेच ते खोडायला लावलं. काउंटरवर तिघं ताटकळत उभे होते. मी त्यांना दुपारनंतर या म्हणून सांगितलं.