लाल बोटीचं दुसरं गिऱ्हाईक

"साहेब, आज तरी बाहेर येता का? मला दुकान बंद करायचंय," बोटवाला कमरेत वाकून म्हणाला. उत्तरादाखल लाल बोटीच्या बुडाखालून एक हात बाहेर आला, त्याने फरशीवर चाचपडून मोजपट्टी शोधली आणि तो पुन्हा आत गेला.

"पांढरीपेक्षा हिचं बूड जरा चपटं वाटतंय," आतून आवाज आला.

"कालही तुम्ही हेच म्हणालात."

"काल उजव्या बाजूने बघितलं होतं. आज डाव्या बाजूने बघतोय."

बोटीखाली उताणे पडलेले हे गृहस्थ म्हणजे गावातले चष्मेवाले. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. समोरच्याच्या नाकावर जड चौकट ठेवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "ही बरी की ती?" धंद्यात ही सवय गुणाची ठरली. त्यांनी दिलेला चष्मा सहसा परत येत नसे. पण दुकानाला कुलूप लावलं तरी सवयीला लागत नाही. घरी पडदे घ्यायचे ठरले, तेव्हा जाड बरे की पातळ, या घोळात सगळा हिवाळा गेला आणि तोवर घरातली माणसं दिवा मालवून अंधारात कपडे बदलत राहिली. इस्त्री घ्यायची ठरली, तेव्हा लेक चुरगळलेल्या कपड्यांतच नोकरीच्या मुलाखतीला गेली. नोकरी लागली ती परगावी. तिने ती जरा घाईनेच पत्करली, असं लोक म्हणतात.

पडद्यांवाचून कुणाचं अडत नाही, पण बोटीची गोष्ट वेगळी होती. चष्मेवाल्यांची बायको लग्नाआधी पाण्यावर स्कीइंग करायची. धावत्या बोटीला बांधलेला दोर हातात, फळ्या पायांत, आणि तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी कापत जायचं. लग्नानंतर बोट नव्हती, मग लेक झाली, मग दुकानाचं कर्ज आलं. आता ती तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी उभी राहून दुसऱ्यांच्या बोटी बघायची. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "अजून दोन उन्हाळे काढतील. पुढचं माझ्याच्याने सांगवत नाही." त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "बोट घेऊ. याच उन्हाळ्यात."

तो उन्हाळा बोटींची तुलना करण्यात गेला. आता दुसराही निम्मा सरला होता.

बरं, माणूस कंजूष नव्हता. पैसे बाजूला काढलेले होते. त्यांना भीती होती ती वेगळीच. इतक्या वर्षांनी तिच्यासाठी एक गोष्ट घ्यायची आणि नेमकी तीच चुकीची निघाली तर? या एका विचाराने ते रात्री कुशी बदलत आणि सकाळी उठून पुन्हा बोटीखाली शिरत. त्यात अलीकडे बायकोने बोटीचं नाव काढणंच सोडलं होतं. विचारणारी बायको परवडते. विचारणं थांबवलेल्या बायकोने मात्र चष्मेवाल्यांची झोप पार उडवली.

शेवटी तीन बोटी उरल्या. निळी सगळ्यांत स्वस्त, पण तिला ओढून न्यायचा ट्रेलर वेगळा घ्यावा लागणार. तो धरला की स्वस्ताई संपली. पांढरीबरोबर ट्रेलर, वरचं आच्छादन, सगळं मिळणार होतं, पण तिच्यामागे लाट उंच उठायची आणि उंच लाट म्हणजे गुडघ्यांना दणके. लालमागे पाणी कसं सपाट राहायचं. फक्त तिची किंमत ऐकली की चष्मेवाल्यांचे स्वतःचे गुडघे दुखायला लागत.

"लालच घ्यायची," एके दिवशी त्यांनी मेहुण्याला दुकानात बोलावून सांगितलं. "पण भाव उतरवायला हवा. तू उद्या तिथे गिऱ्हाईक बनून जा आणि बोटीला नावं ठेव. रंग उडेल म्हण, इंजिन खोकतं म्हण. आणि ताईला यातलं अक्षर सांगायचं नाही. तिला चकित करायचंय. घे शपथ."

मेहुणा टपाल खात्यात होता. पाकीट न उघडता ज्याचं त्याला पोचवायचं, यात त्याची हयात गेलेली. पण आज त्याच्या चेहऱ्याचा रंग बोटीआधी उडाला.

"भाऊजी, मला यात कशाला घेताय?"

"का? तुला काय अडचण आहे?"

"अडचण नाही हो. पण... म्हणजे... बरं, घेतली शपथ," तो म्हणाला आणि पाणी मागून दोन ग्लास प्यायला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने काय दिवे लावले कोण जाणे. चष्मेवाले संध्याकाळी गेले तेव्हा भाव उतरायच्या ऐवजी चढलेला होता.

"साहेब, लालला दुसरं गिऱ्हाईक आलंय," बोटवाला म्हणाला. "तुमच्यापेक्षा वर जायला तयार आहेत."

"तो टपालवाला? त्याचं काही मनावर घेऊ नका."

"टपालवाले कोण मला ठाऊक नाही. एक साहेब सकाळी आले होते, ते काहीच न बोलता बोटीकडे बघून उसासे टाकत गेले. हे गिऱ्हाईक वेगळं आहे. नाव सांगायचं नाही अशी ताकीद आहे मला."

असलं दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराच्या खिशात असतं, हे चष्मेवाल्यांना पक्कं माहीत होतं. कित्येकदा त्यांनी स्वतःच चौकट विकताना असं एखादं बाहेर काढलं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी येईपर्यंत त्यांना ते गिऱ्हाईक दिसायलाही लागलं. जाडजूड, हातात अंगठ्या, आणि बोटीच्या बुडाखाली एकदाही न वाकणारं. असल्या माणसाला लाल बोट? त्यांनी दारातूनच फोन लावला आणि आकडा वाढवला.

तिथून पुढचे दिवस नुसते फोनचे गेले. दुकानात एका म्हातारबाईंच्या नाकावर चौकट चढवून त्यांनी नुकतं कुठे विचारलं होतं, "ही बरी की ती?" एवढ्यात खिसा वाजला.

"ते वर गेले साहेब," बोटवाला म्हणाला.

"किती वर?" चष्मेवाले ओरडले.

"वरची ओळ नाही दिसत मला," बाई म्हणाल्या.

"मग मीही जातो वर! सांगा त्यांना!"

"अहो, तुम्ही कुठे निघालात? माझ्या नाकावरचं हे आधी काढा!"

घरी तऱ्हा वेगळी नव्हती. जेवताना दोघांचेही फोन ताटाशेजारी पालथे पडलेले असत. त्यांचा वाजला की ते बागेतल्या नळाला गळती लागल्याचं सांगून बाहेर जात. थोड्या वेळाने तिचा वाजला की ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जाई, मग कपडे वाळत घातलेले असोत वा नसोत. चष्मेवाल्यांना यातलं काही खटकलं नाही. त्यांचं लक्ष त्या अंगठ्यावाल्यावर होतं. मेहुणा अधूनमधून डोकावे, दोघांकडे आळीपाळीने बघे आणि काहीतरी निमित्त काढून न जेवताच पळून जाई.

"याला काय झालंय?" चष्मेवाल्यांनी एकदा विचारलं.

"पोट बिघडलंय त्याचं. पोटात काही ठरत नाही," बायको म्हणाली.

शुक्रवारी बोटवाल्याने हात टेकले. "साहेब, माझी झोप उडालीय या प्रकाराने. आता भाव वाढवणं बंद. शेवटचा आकडा तुम्हा दोघांनाही सांगितलाय. उद्या दुपारी बारापर्यंत विसार घेऊन जो आधी येईल, त्याची बोट."

शनिवारी सकाळी चष्मेवाले पैसे घेऊन गाडीत बसले. दुकानाला कुलूप, मन घट्ट, इस्त्रीचा सदरा. बोटवाल्याच्या दुकानाशी आले, गाडी हळू केली. काचेआड लाल बोट सुखरूप उभी होती. आत गिऱ्हाईक म्हणून चिटपाखरू नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. बाराला चांगला अवकाश होता.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. लाल घ्यायची हे ठरलंच आहे, पण पांढरी एकदा, अगदी शेवटचं, नजरेखालून घातली तर काय बिघडलं? पांढरीवाल्याचं दुकान पूल ओलांडला की पलीकडच्या काठावर. जायचं, बघायचं, नाही म्हणायचं आणि यायचं. म्हणजे पुढे आयुष्यभर मनाला रुखरुख नको. त्यांनी गाडी पुढे काढली.

पांढरी होती तशीच होती. बूड तेच, लाट तीच. मात्र परत येताना पुलावर वाळूचा ट्रक आडवा झालेला. चष्मेवाले गाडीतून उतरले, चढले, पुन्हा उतरले, ट्रकवाल्याला सल्ले दिले आणि शिव्या खाल्ल्या. धापा टाकत दुकानात पोचले तेव्हा बारा वाजायचे होते, पण लाल बोटीच्या जागी नुसती मोकळी फरशी होती.

"तुम्ही गाडी हळू केलीत तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो साहेब," बोटवाला खरोखर हळहळून म्हणाला.

चष्मेवाले बाहेर पडले. घरापर्यंतचा रस्ता त्यांनी मनात वाक्यं जुळवण्यात काढला. 'अगं, एक चांगली बोट बघितली होती.' नको. 'अगं, पुढच्या उन्हाळ्यात नक्की.' हे तर त्याहून नको. पुढच्या उन्हाळ्याची हमी डॉक्टरही देत नव्हते. तुझे गुडघे माझ्यामुळे वाया गेले, असं साधं, सरळ सांगायचं त्यांनी ठरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसायला त्यांनी गाडी थांबवली. ते आपल्याच गल्लीत आलेले होते आणि पुढचा रस्ता बंद होता. रस्त्यात लाल बोट उभी होती.

बायको फडक्याने बोट पुसत होती. मेहुणा तिच्या शेजारी अपराध्यासारखा बादली धरून उभा होता.

"हे... ही... तू?" चष्मेवाल्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"मीच. तुमचं दुसरं गिऱ्हाईक," बायको म्हणाली. "शिकवणीचे पैसे साठवले होते, ते काढले."

"म्हणजे मी इतके दिवस तुझ्याविरुद्ध... आणि तुला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. बोटवाला म्हणाला, एक साहेब रोज येऊन बोटीखाली झोपतात. अख्ख्या तळ्याकाठी असा माणूस एकच आहे."

"आणि तरी भाव वाढवत राहिलीस?"

"दुसरं कुणी नेतंय असं वाटल्याशिवाय तुम्ही हलला असता का?"

"अगं, पण शेवटी तूच नेलीस!"

बायकोने फडकं खाली ठेवलं. "सकाळपासून मी त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले होते. तुमची वाट बघत. तुम्ही आलात. गाडी हळू केलीत. मी मनात म्हटलं, आला बाई माझा माणूस. आणि तुम्ही पुलाकडे निघून गेलात." तिने फडकं पुन्हा उचललं. "तेवढं करूनही तुम्ही घेतली नाहीत, म्हणून मग मी उठले."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत बायको त्यांच्यावर रागावली होती, हसली होती, पण आज ती नुसती दमलेली दिसत होती, आणि ते त्यांना सोसवेना.

"चुकलो," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहायचा त्यांनी प्रयत्न केला. जीभ ऐकेना. "शेवटी... कितीला पडली?"

"ते तुम्हाला या जन्मी कळायचं नाही."

"म्हणजे? त्याने शेवटचा आकडा सांगितला होताच की!"

"तो तुमचा. मला त्याने काय सोडलं, ट्रेलर धरून की वगळून, आच्छादन फुकट की विकत, हे मला ठाऊक, त्याला ठाऊक आणि याला ठाऊक." तिने भावाकडे बोट दाखवलं. "आणि याने शपथ घेतलीय."

"आणखी एक?" चष्मेवाल्यांनी मेहुण्याकडे बघितलं. त्याने बादलीत तोंड घातलं.

दुपारीच बोट तळ्यात उतरली. चष्मेवाले सुकाणूच्या चाकाशी बसले, मेहुणा मागे दोराकडे लक्ष ठेवायला. वाटेत चष्मेवाले एकसारखे चुळबुळत होते. ट्रेलर धरून असेल तर महाग, वगळून असेल तर फारच महाग, आच्छादन फुकट असेल तर... मागे पाण्यात बायको फळ्या वर करून बसली होती. तिने हात उंचावला. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला, दोर ताणला गेला, आणि समोरच्या छोट्या आरशात त्यांना दिसलं की ती उठतेय, वाकडी होतेय, पडते की काय, नाही, उभी राहिली. वेणी सुटली होती. ती तोंड उघडून काहीतरी ओरडत होती. बहुधा हसत असावी.

मेहुण्याला गहिवरून आलं. इतक्या दिवसांचं ओझं त्याच्याने आणखी पेलवेना. तो पुढे सरकून भाऊजींच्या कानाशी आला.

"भाऊजी, शपथ गेली खड्ड्यात. सांगून टाकू का आकडा?"

"गप्प बस रे," चष्मेवाले आरशावरची नजर न काढता म्हणाले, "ती वळण घेतेय."