शितोळ्याला देव नव्हता

दोन हजार सोळा साल. मी सत्तावन्न वर्षांचा. तोवर माझं एक ठाम मत होतं: ज्याला देवाचा धाक नाही, त्याचा भरवसा नाही. आणि माझ्याबरोबर पहाटे पाणी सोडायला येणाऱ्या शितोळ्याला तर देवच नव्हता. त्याच्याकडे एक लोखंडी सळई होती.

बिबवेवाडीच्या एका भागात आम्ही दोघं पाणीखात्याचे चावीवाले. रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह लांब चावीनं फिरवायचा, एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीला द्यायचं. चौथी शिकलेल्याला पुरतं एवढं काम. पण शितोळे आधी सळईचं एक टोक पाइपाला टेकवायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचा. भोवती धुकं, रस्त्याचे दिवे पिवळे, कुत्रीसुद्धा झोपलेली. हा हळू आवाजात सांगत राहायचा.

"निघालं. गिरणीपाशी वळलं. आता चढ लागला, दमलंय बिचारं. हां, पोचलं. आत्याबाईंनी हंडा लावला."

या आत्याबाई म्हणजे टेकडीवरच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई.

"हंडा ऐकू येतो तुला?"

"तांब्याचा आहे. प्लास्टिकची बादली वेगळी बोलते."

मला कधी काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याचं ऐकता ऐकता माझेही डोळे मिटायचे, आणि सगळी वस्ती झोपेतच, अंथरुणापांघरुणासकट, जमिनीखालच्या पाण्यावर तरंगत निघालीय असं वाटायचं.

कुणी धर्म विचारला तर शितोळे सांगायचा, "पाणीखातं." मला 'बुवा' म्हणायचा. एकदा देवळाच्या दारातल्याच झाकणावर ओणवा होऊन ऐकत होता. दर्शनाला आलेल्या बाईंना वाटलं, लोटांगण चाललंय. त्यांनी त्याच्या पाठीवर जास्वंदीचं फूल ठेवलं.

"अहो बाई, मी पाणी ऐकतोय."

"असू द्या. त्यालाही पोचतं."

दिवसभर हसलो मी. तो नाही हसला. फूल मात्र सायकलच्या हँडलला खोचून घरी घेऊन गेला.

वीस वर्षं मी त्याच्या पापाची वाट पाहिली. म्हटलं, धाक नाही, कधीतरी घसरेलच. ओळखीच्या घराला पाच मिनिटं जास्त देईल, कुणाला कमी देईल. नाही म्हणजे नाहीच. मला त्याचा रागच यायचा. देव मी सांभाळायचा आणि सरळ याने वागायचं, ही कुठली रीत?

त्या उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी होतं. पाच ते सहा खालच्या गल्लीला, सहा ते साडेसात टेकडीला. आमच्या देवळाचा भंडारा आला. देऊळ खालच्या गल्लीत, टाक्या भरायच्या, शेकडो पानं उठायची. शितोळे नेहमीसारखा सळई घेऊन वर गेला. खालची चावी माझ्या हातात. सहा वाजले, साडेसहा वाजले. देवाचं काम आहे म्हणून मी चावी फिरवलीच नाही.

वरून त्याचा फोन आला. "बुवा, चढत नाहीये."

"आज जोर कमी आहे," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. ज्याला हंडा ऐकू येतो, त्याला खोटं ऐकू येणार नाही?

साडेसातला पाणी गेलं. टेकडी कोरडी राहिली. लोकांच्या समोर होता शितोळे, शिव्या त्यालाच बसल्या. "आज देवाचा दिवस, म्हणून या नास्तिकानं मुद्दाम पाणी तोडलं," असं बोलले. लेखी तक्रार केली. साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात यायला सांगितलं. नोकरीवरच गदा येणार, असं जो तो म्हणत होता. भंडाऱ्याच्या पंगतीत ही सगळी चर्चा मी ऐकली. वाढत राहिलो. मग आत जाऊन नारळ फोडला, चुकलो म्हटलं, आणि डोक्यावरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी प्रसाद घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. कोपऱ्यात पाण्याचे चार रिकामे कॅन. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगठ्याला फडकं बांधलेलं. दिवसभर सायकलला कॅन बांधून टेकडीवर खेपा घातल्या होत्या त्यानं. आता जमिनीवर बसून भिंतीला गाल लावला होता. त्या भिंतीतून वरच्या मजल्याचा पाइप जातो.

"काय ऐकतोस?"

"शेजारी भांडी घासतायत. वरची पोरगी आत्ता आली, पाय धुतेय." जरा थांबून म्हणाला, "सगळी घरी आली की मला झोप लागते."

त्याच्या घरी यायला कुणीच नव्हतं. वीस वर्षांत मी ते विचारलंही नव्हतं.

प्रसादाचा शिरा त्यानं खाल्ला. "साखर जास्त झाली."

"शितोळे, मी देवाची माफी मागितली."

"दिली?"

"दिली असेल."

"बरं झालं." त्यानं बोटं चाटली. "पण बुवा, तहान देवाला नव्हती लागली. आत्याबाईंना लागली होती."

मी चिडलो. "मग सांग ना उद्या साहेबांना माझं नाव!"

"मी का सांगू? मी काय केलंय?"

"तुला पापाची भीती नाही, पुण्याची आशा नाही. मग हे कॅन कुणासाठी वाहिलेस? कोण बघत होतं?"

त्यानं पुन्हा भिंतीला गाल लावला, डोळे मिटले. वाटलं, झोपला.

"रिकामा हंडा नळाखाली ठेवलेला असतो ना," तो म्हणाला, "तो वाजत नाही. तेवढं मला सोसत नाही, बुवा."

चपला घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. तरी सहाला मी टेकडी चढलो. आत्याबाईंच्या दारात उभा राहून म्हणालो, "काल चावी माझ्या हातात होती. शितोळ्याच्या नव्हे." मान खाली घालायची मला सवय नाही, वर बघूनच सांगितलं. मग शेजारचं दार वाजवलं, मग त्याच्या पुढचं. एकोणीस दारं आहेत त्या गल्लीत. एकोणीस वेळा सांगितलं. आणि तिथून तसाच चालत ऑफिसात गेलो, शितोळे यायच्या आत साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो.