लिव्हिया आणि अंजिराची बर्फी

नातीचं नाव पहिल्यांदा कोणी सुचवलं, हे त्र्यंबकरावांना नीट आठवत नव्हतं. (पीएचडी होती त्यांची, पण ती रसायनशास्त्रात, इतिहासात नव्हे.) जावयानेच, सत्यजितनेच सुचवलं, असं ते ठामपणे सांगत, सांगून झाल्यावर मात्र त्यांना शंका येई.

अमेरिकेत ईडन प्रेरीला, लेकीच्या घरी, बारशाला अर्धा तास उरला असताना त्यांनी वरच्या खोलीत सहज फोनवर ‘लिव्हिया’ शोधलं आणि ते मटकन पलंगावर बसले.

“अहो, सदऱ्याची बटणं लावा,” संध्याताई म्हणाल्या.

“बटणं कसली! पहिली लिव्हिया म्हणजे रोमच्या सम्राटाची, ऑगस्टसची बायको. नवऱ्याला अंजिरातून विष घातलं, असा तिच्यावर संशय!”

“मग दुसरी बघा.”

“दुसरी तिचीच नात! तिनेही नवऱ्याला विषच घातलं म्हणतात. आणि नावाचा अर्थ म्हणे काळानिळा!”

“नात आजीवर गेली,” संध्याताई म्हणाल्या आणि आरशात बघून त्यांनी कुंकू सारखं केलं.

खाली पाळणा हलायला लागला होता. सत्यजितची बहीण प्रीता, म्हणजे आत्या, नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकलीसुद्धा. एकदा नाव कानात गेलं की संपलंच! त्र्यंबकराव उघड्या बटणांनिशी जिना उतरले, तर समोर जावई, आणि जावयाच्या तोंडाशी बर्फी. अंजिराची.

“सत्यजितराव, खाऊ नका! विष!”

चाळीस पाहुण्यांनी एकदम नॅपकिन तोंडाला लावले.

“रिकॉल आलाय का? कंपनीने बर्फी परत मागवलीय?” शेजारच्या शुभाकाकू किंचाळल्या. कोणीतरी नाइन-वन-वन लावला. दहा मिनिटांत दारात अँब्युलन्स आणि तिच्यामागे, का कोण जाणे, फायर ट्रक.

“विष कोणाला दिलंय?” पॅरामेडिकने विचारलं.

“ऑगस्टसला,” त्र्यंबकराव प्रामाणिकपणे म्हणाले.

“केव्हा?”

“दोन हजार वर्षं झाली.”

“बाबा!” गिरिजा, त्यांची लेक, ओरडली.

“काका, मी मघाशीच नाव सांगून मोकळी झाले,” पाळण्यापाशी उभी असलेली प्रीता म्हणाली.

लिव्हिया दुसरीत गेली तेव्हा शाळेत ‘माझं नाव कुठून आलं’ असा प्रोजेक्ट निघाला. गिरिजाने एक जुनी ईमेल शोधून वडिलांना फॉरवर्ड केली. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली, मग स्वतःच्या ‘सेंट’मध्येही जाऊन बघितली. तारीख बारशाच्या दोन महिने आधीची. अकरा नावांची यादी. तिसरं नाव लिव्हिया, आणि पुढे लिहिलेलं:

“अर्थ व इतिहास मी स्वतः तपासला आहे. निर्धोक. — बाबा.”