वर्की सारांचा सातवा गुण

वल्हांडणाच्या गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात बेखमीर अप्पम, तांदळाची सणाची भाकर, वाफेवर चढला होता. वर्की सारांची, म्हणजे वर्की मास्तरांची, चूल तेवढी थंड होती. वर्षभरात ज्या घरातून शवपेटी निघाली, त्या घरानं अप्पम करायचा नसतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाहीतर नातलगांनी आणून द्यायचा. सारांच्या घरातून नोव्हेंबरात त्यांची बायको अन्नाकुट्टी गेली होती.

वर्की सारांनी अडतीस वर्षं देवळाच्या रविवारच्या वर्गात देवाचे गुण शिकवले. अनादि, अविकारी, सर्वव्यापी, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, न्यायी आणि सातवा, कशाचीच गरज नसलेला. हा सातवा पोरं हमखास विसरायची आणि मग सारांची छडी त्यांना आठवण करून द्यायची.

अन्नाकुट्टी अंथरुणाला खिळली तेव्हा सारांनी देवाला पाचव्या गुणाची आठवण करून दिली होती. देव त्या पेपरात नापास झाला. नापास मुलाला फेरपरीक्षेत सोपा प्रश्न घालावा, तसा सारांनी आता चौथा गुण काढला. मला अप्पम हवाय, हे मी कुणालाही न सांगता तुला कळतं का, बघू.

परीक्षा म्हटली की कॉपी रोखणं आलं. शेजारच्या थ्रेस्याचेडत्तीनं, म्हणजे थ्रेस्याताईनं, बुधवारी देवळाच्या पायऱ्यांवर विचारलं, "सार, उद्या अप्पम घेऊन येऊ ना?"

"कशाला? एलियाम्मा पाठवतेय."

एलियाम्मा म्हणजे सारांची धाकटी बहीण. तिचा फोन आला, तिला सार म्हणाले, "थ्रेस्या देतेय गं. तू एवढ्या लांबून नको दगदग करूस."

राहता राहिले देवळातले अच्चन, म्हणजे पाद्रीबाबा. त्यांना सारांनी दोन्ही अप्पम येत असल्याचं सांगून टाकलं. अच्चनांनी माता-मंडळाच्या बाईंना कळवलं, आणि बाईंनी सारांसाठी बाजूला ठेवलेला तिसरा अप्पम दुसऱ्या एका दुःखी घराला देऊन टाकला. बंदोबस्त चोख झाला. आता आत शिरायला देवाशिवाय कुणालाच वाट नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी सारांनी टेबल पुसलं, पवित्र शास्त्र निर्गमाच्या बाराव्या, वल्हांडणाच्या अध्यायावर उघडून ठेवलं, सुरी मांडली. सवयीनं ताटल्या दोन मांडल्या. मग एक उचलून फडताळात ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

सहा वाजले. साडेसहा झाले. कुंपणापलीकडून अप्पमबरोबर प्यायच्या गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाचा वास यायला लागला. सात वाजले तेव्हा सार हरवलेली कोंबडी शोधायला कुंपणापाशी गेले. कोंबडी खुराड्यात झोपली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"सार!" पलीकडून चेडत्तीचा नवरा तोमाच्चन ओरडला. "बहिणीचा अप्पम आला का हो?"

"आला तर! मघाशीच."

"तडाबिडा नाही ना गेला? घराला वाईट असतं ते."

"छे. गुळगुळीत आहे. वर झावळीचा क्रूस अगदी मधोमध."

"एलियाम्माच्या हाताला चव आहे बुवा. एक फोड द्या की आम्हाला!"

"संपला."

"संपला? अख्खा? एकट्यानं?"

"भूक होती."

"आणि दूध?"

"तेही."

तोमाच्चन हलक्या आवाजात बायकोला म्हणाला, "अगं, सारांचं काही खरं नाही. बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. सहा माणसांचा अप्पम खाल्ला त्यांनी!"

"तुम्ही आत या आधी," चेडत्ती म्हणाली.

सार घरात परतले. शास्त्राचं वाचन सुरू झालेलं पलीकडून ऐकू येत होतं. त्यांनी आपलं पुस्तक मिटलं. देवाला शून्य गुण द्यायचे, एवढंच बाकी होतं. पण हात उचलवेना. पुढच्या वर्षी याच गुरुवारी अन्नाकुट्टीशिवायची ही पहिली संध्याकाळ आठवेल, आणि त्या आठवणीत टेबलावर नुसती सुरी असेल.

दार वाजलं. हातात झाकलेलं ताट आणि दुधाचं भांडं घेऊन थ्रेस्याचेडत्ती उभी होती.

"माझं जेवण झालंय," सार म्हणाले.

"हेही बोलणार, असं सांगितलं होतं तिनं."

"कुणी?"

"अन्नाकुट्टीनं. दवाखान्यात. म्हणाली, 'थ्रेस्या, हे तुला सांगतील बहीण पाठवतेय, बहिणीला सांगतील तू देतेयस. वाद घालू नकोस. थोडं खोटं बोलू दे त्यांना, दमले की नेऊन दे.'" चेडत्तीनं ताट टेबलावर ठेवलं. "अख्खा अप्पम खाल्ल्याचं मात्र तिलाही सुचलं नव्हतं, सार. ते तुमच्या पदरचं."

सारांनी झाकण उचललं. अप्पमच्या कडेला बारीकसा तडा गेला होता. वर झावळीचा क्रूस, थोडा तिरका.

"आणखी काय म्हणाली?"

चेडत्ती जरा घुटमळली. "म्हणाली, 'ह्यांना सांग, तो सातवा गुण देवाचा आहे. ह्यांचा नव्हे.'"

सारांनी सुरी ताटाशेजारी सरळ केली. "वेळ किती सांगितली होती तिनं?"

"आठ. 'सातपर्यंत देवाची वाट बघतील, पुढे तासभर माझ्यावर चिडतील,' म्हणाली."

सारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"पाच मिनिटं उशीर," ते म्हणाले, आणि फडताळातली दुसरी ताटली काढायला उठले. "बस. उभ्यानं खायचा नसतो तो."