ओहायोहून मिशिगनला एक फोन

म्विकाली न्झोमोला आपल्या एका गोष्टीचा फार अभिमान होता. तिनं लिहिलेला निबंध अमेरिकेतल्या कुठल्याही प्राध्यापकाच्या नाकाखाली धरा, त्याला नैरोबीचा वास म्हणून येणार नाही.

"माझं एक वाक्य कुणी आफ्रिकेतलं म्हणून ओळखून दाखवावं," ती धाकट्या बहिणीला सांगायची. "मी लिहायला बसले की बोटांना थंडी वाजते, एवढी मी ओहायोची होते."

कटुंगे दिवसभर सलूनमध्ये बायकांच्या वेण्या घालायची. ती म्हणायची, "बोटांचं जाऊ दे ताई. पाठ बघ तुझी. उभी राहिलीस तरी बसल्यासारखी दिसतेस."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. म्विकालीनं शिक्षिकेची पदवी घेतली, सरकारी नेमणुकीची वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध लिहायला लागली. नैरोबीच्या काहाव्हा वेन्दानी वस्तीतल्या त्या गल्लीत हे काम करणारे घरटी एक निघाले असते, पण कुणी बोलत नसे. विचारलंच तर सगळे 'ऑनलाइन काहीतरी' करत. ही कामं देणाऱ्या साईटवर केनियाचं नाव दिसलं की दर निम्मा व्हायचा, म्हणून तिथं म्विकालीचं नाव होतं डॉक्टर कॅथरीन पेल, निवृत्त अध्यापिका, ओहायो. फोटोतल्या पांढऱ्या केसांच्या बाई कोण होत्या ते देवाला ठाऊक. म्विकाली त्यांचा चष्मा बघून रोज कामाला बसायची.

डॉक्टर पेलबाईंचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे काइल. मिशिगनचा, व्यवस्थापनाचा विद्यार्थी. वेळेवर पैसे द्यायचा, 'कृपया' म्हणायचा, आणि असलं गिऱ्हाईक या धंद्यात दिवा घेऊन शोधावं लागतं. जानेवारीत तो लिहायचा, "इकडे गुडघाभर बर्फ पडलाय, डॉक्टर." म्विकाली पदरानं वारा घ्यावा तसा वहीनं वारा घेत उत्तर टंकायची, "इकडेही. सकाळपासून फावडं हातात आहे."

मार्चमध्ये त्याची आजी गेली. आता विद्यार्थ्यांच्या आज्या या धंद्यात माश्यांसारख्या मरतात. मुदत जवळ आली की एक आजी जाते. एका मुलाच्या चार आज्या तर म्विकालीनं स्वतः पोचवल्या होत्या. पण काइलनं मुदत वाढवून मागितली नाही. त्यानं एवढंच लिहिलं, की आजी शेंगा सोलायची आणि दाणे गुपचूप माझ्या खिशात भरायची, शाळेत पोचेपर्यंत खिसा तेलकट व्हायचा. म्विकालीनं ते दोनदा वाचलं. त्या आठवड्याचा निबंध तिनं तातडीचे जादा पैसे न लावता करून दिला.

तर त्याच काइलनं जूनच्या तोंडावर एक निबंध मागवला. विषय, 'व्यवहारातला विश्वास'. म्विकालीनं मन लावून लिहिला आणि पाठवला. चहाचा कप तोंडाला लावते तोच उत्तर आलं.

"डॉक्टर, तपासून पाहिलं. सॉफ्टवेअर म्हणतं हा एआयनं लिहिलाय."

"कोण एआय?" कटुंगेनं विचारलं. तिचं सलून त्या दिवशी दुपारी उघडणार होतं.

"यंत्र गं. आपोआप लिहिणारं."

"मग त्याला सांग, यंत्राची पाठ दुखत नाही."

म्विकालीनं निबंध परत उघडला. वाक्यं फारच गुळगुळीत झाली असतील, तिनं विचार केला. माणूस चुकतो, तेव्हा आपणही चुकू. तिनं जागोजागी स्वल्पविराम काढले, दोन शब्दांची स्पेलिंगं बिघडवली, एक परिच्छेद मध्येच सोडून दिला. पंधरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते करताना तिनं पेलबाईंच्या फोटोकडे बघायचं टाळलं. काइलचं उत्तर आलं, "आता तर सॉफ्टवेअरची खात्रीच पटलीय."

मग तिनं हुकमी पान टाकलं. यंत्राला मावशी नसते. म्विकालीला होती, माचाकोसला, सायकलवरून दूध विकणारी. ती दुधात पाणी घालायची, पण विचारलं तर सरळ सांगायची, किती घातलं तेही सांगायची, आणि गावात तिच्याइतका विश्वास कुणावर नव्हता. म्विकालीनं मावशीला उचललं, विस्कॉन्सिनमध्ये नेऊन ठेवलं, आणि निबंधाच्या मधोमध बसवलं.

यावेळी काइलचं उत्तर यायला वेळ लागला. "सॉफ्टवेअर म्हणतं, मावशीचा भाग तर शंभर टक्के यंत्राचा आहे. डॉक्टर, माझा तुमच्यावर विश्वास होता."

ते 'होता' म्विकालीला लागलं. आजवर तिला कुणी आळशी म्हटलं होतं, उशीर करते म्हणालं होतं, एकानं तर मार्क कमी पडले म्हणून शिव्या घातल्या होत्या. पण सख्खी मावशी खर्ची घालूनही 'तू लिहिलंच नाहीस' असं कुणी म्हटलं नव्हतं. नाव खोटं, गाव खोटं, चष्मा खोटा, या सगळ्यात खरी गोष्ट एकच होती, की लिहायची ती. तेवढंही कुणी काढून घेतलं तर उरलं काय?

तिनं टंकलं, "फोन करा. एकेक वाक्य का लिहिलं ते तोंडी सांगते."

"वेड लागलंय का तुला?" कटुंगे म्हणाली. "तोंड उघडलंस की संपलं."

"मी सगळ्या मालिका बघितल्यात. येतं मला त्यांच्यासारखं बोलता."

 काइलनं लिहिलं, "चालेल. पण व्हिडिओ नको, सर्दी झालीय."

फोन वाजला. म्विकालीनं घसा खाकरला आणि जीभ टाळूला चिकटवून इंग्रजी सुरू केलं. तिकडून काइलही नाकातून बोलत होता. सर्दी खरीच जोरदार असावी.

"नमस्कार डॉक्टर. आपल्याला तसदी देतोय, क्षमस्व."

"छे छे, आनंदच आहे. मिशिगनला हवा कशी आहे?"

"उत्तम. आपल्या ओहायोला?"

"अतिउत्तम. तर माझी मावशी—"

"तेच विचारायचं होतं. विस्कॉन्सिनमध्ये आपल्या मावशी सायकलवरून दूध विकतात?"

"तिला व्यायामाची आवड आहे."

"आणि पाणी किती घातलं ते गिऱ्हाइकाला सांगतात?"

"अमेरिकेत पारदर्शकतेला महत्त्व आहे, काइल. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"नाही नाही. अर्थातच."

इथवर बरं चाललं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी औषधवाला आला. त्याच्या खांद्याला भोंगा, आणि भोंग्यात त्याच्याच आवाजात भरून ठेवलेलं स्वाहिली पाठांतर. उंदरांचं औषध, झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध, एकदा टाका आणि निवांत झोपा. संपलं की पुन्हा उंदरांपासून. तो नेमका म्विकालीच्या खिडकीखाली थांबला. कटुंगेनं खिडकी लावली, पण काच आधीच फुटकी होती.

 काइल फोनवर जपून म्हणाला, "डॉक्टर, मागे कसला आवाज आहे?"

"शेजारी. पूर्वी आफ्रिकेत मिशनरी होते. जुन्या आठवणी लावून ऐकतात."

"ढेकणांच्या?"

म्विकालीच्या डोक्यात काहीतरी टोचलं, पण धड कळेना. मिशिगनच्या माणसाला स्वाहिली ढेकूण कळायचं कारण काय, हा विचार पूर्ण व्हायच्या आत औषधवाला पुढं निघाला. गल्लीतला आवाज हळूहळू दूर गेला. आणि तसतसा तो फोनमध्ये जवळ आला. उंदरांचं औषध, झुरळांचं औषध.

"काइल," ती म्हणाली, "तुमच्याकडेही मिशनरी राहतात?"

"टीव्ही चालू आहे. आफ्रिकेवर माहितीपट. फार गरिबी आहे हो तिकडे."

"आहे खरी."

मग माहितीपटातली एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "ओबुरा, अरे ओबुरा, टाकीखाली उंदीर झालेत, जरा औषध घे की त्याच्याकडून. कितीदा सांगू?" ही हाक म्विकालीनं दोनदा ऐकली. आधी फुटक्या काचेतून, मग क्षणभरानं फोनमधून.

ती उठली, खिडकीशी गेली, पडदा बाजूला केला. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस अंगावर घोंगडी घेऊन उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं तो खालच्या घरमालकिणीला 'गप्प बसा' अशा खुणा करत होता. म्विकाली त्याला तोंडओळखीनं ओळखत होती. कोपऱ्यावरच्या टपरीत रोज चहा प्यायचा. त्याचे ओठ हलले आणि पाठोपाठ तिच्या कानात शब्द आले, "हॅलो डॉक्टर? लाईन जरा खराब आहे. मिशिगनला वादळ येतंय बहुतेक."

म्विकालीनं स्वाहिलीत सांगितलं, "काइल, डाव्या हाताला बघ. हिरवा पडदा."

त्यानं बघितलं. फोन कानाला तसाच. डॉक्टर कॅथरीन पेलनं त्याला हात केला. कटुंगे मागे पलंगावर तोंडात उशी धरून लोळत होती.

दोघं खाली टपरीवर भेटली. पहिला चहा तर नुसतं एकमेकांवर चिडण्यात गेला.

"वर्षभर मला विद्यार्थी म्हणून सवलत मागत होतास," म्विकाली म्हणाली. "'गरीब मुलगा आहे डॉक्टर, जरा सांभाळून घ्या.' मुलगा कुठला तू? दाढी पिकलीय."

"आणि तुम्ही? डॉक्टर म्हणून मी जादा दर देत होतो, ताई. अमेरिकन म्हणून त्यावर आणखी. माझं काम मी वरच्या गिऱ्हाइकाकडून घेतो, निम्मे पैसे तुम्हाला देतो. गल्ली ओलांडून द्यायचं असतं तर एवढे कशाला दिले असते?"

"म्हणजे निम्मं तू ठेवतोस?"

ओबुरा जरा गडबडला. "गिऱ्हाईक मी आणलेलं असतं."

"आणि पाठ मी आणलेली असते."

टपरीवालीनं तळलेल्या गोड मंडाझींची ताटली मध्ये ठेवली, कारण दोघांतलं कुणी टेबलावर हात आपटेल असं तिला वाटत होतं. पण तेवढा दम दोघांतही नव्हता. ओबुराच्या डोळ्यांखाली म्विकालीच्या डोळ्यांखाली होती तशीच वर्तुळं होती. हिशेबनिशी शिकलेला माणूस, नोकरी मिळाली नाही, मग हे. गोष्ट सांगायला त्याला दोन वाक्यं पुरली आणि तिलाही जास्त लागली नाहीत.

"आजी?" म्विकालीनं विचारलं. "तीही मिशिगनचीच का?"

ओबुरानं ताटली तिच्याकडे सरकवली. "आजी खरी होती. गावी, सियायाला असायची. जायला गाडीभाड्याची जुळवाजुळव करत होतो, तेव्हा तुम्हाला लिहिलं. दुसऱ्या कुणाला लिहिणार? दिवसभर बोलतो ते तुमच्याशीच."

म्विकालीनं मंडाझी उचलली आणि पुन्हा ठेवली. "पाठ माझी खरंच दुखते," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. ते त्याला माहीत होतं. एकदा त्यानं काइल म्हणून तिला उशी कुठं ठेवायची ते सांगितलं होतं.

"पण ताई, एक सांगा. निबंध तुम्हीच लिहिलात ना?"

"तुझं सॉफ्टवेअर काढ. त्यात आजीचा निरोप टाक."

"कशाला?"

"टाक म्हणते ना."

ओबुरानं फोनमध्ये शोधून तो जुना निरोप काढला. शेंगा, खिसा, तेलकट डाग, सगळा जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये टाकला. चक्र फिरलं. मग लाल अक्षरं आली, हा मजकूर पूर्णपणे यंत्रानं लिहिलेला आहे.

 ओबुरानं एक शब्द उच्चारला, जो इथं देता येत नाही. टपरीवालीनं वळून बघितलं.

त्यानं तिथल्या तिथं वरच्या गिऱ्हाइकाला लिहायला घेतलं. टेक्सासची मॅडिसन म्हणून बाई होती, त्याला नेमानं काम देणारी. काइलचा डौल नाही, बर्फ नाही, सर्दी नाही. "निबंध ज्यांनी लिहिला त्या माझ्यासमोर बसल्या आहेत. प्रत्येक शब्द त्यांचा आहे, मी जबाबदार. सॉफ्टवेअरवर विश्वास असेल तर निबंध परत करा. माझ्यावर असेल तर ठेवा." पाठवायच्या आधी त्यानं म्विकालीला वाचून दाखवलं. तिनं एक स्वल्पविराम घालायला सांगितला.

"आणि यापुढे?" तिनं विचारलं.

"वरून येईल ते तुम्हाला दाखवीन. दोन वाटे तुमचे, एक माझा. पण डॉक्टर पेल राहू द्या, त्यांचं नाव चांगलं झालंय."

"राहू दे. काइल मात्र नको. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटायचं."

मॅडिसनचं उत्तर लगेच आलं. ओबुरानं मोठ्यानं वाचलं. "ठीक आहे. तू एवढं म्हणतोयस तर माझा तुझ्यावर विश्वास आहे. निबंध ठेवते. बाकीचं उद्या बोलू, आज सुट्टी आहे, पोरांना घेऊन बाहेर आलेय."

दोघांनी एकदमच श्वास सोडला. म्विकालीला वर्षात पहिल्यांदा मंडाझीची चव लागली. अर्धी खाऊन झाल्यावर ती थांबली.

"कसली सुट्टी?"

"म्हणजे?"

"आज अमेरिकेत कसली सुट्टी आहे?"

ओबुरा बोटांवर मोजायला लागला. अमेरिकेच्या सगळ्या सुट्ट्या दोघांना तोंडपाठ होत्या, त्यांवरच तर मुदती ठरायच्या. सैनिकांच्या स्मरणाची नुकतीच होऊन गेली होती, स्वातंत्र्याची जुलैत होती. मधली एकच, तीही एकोणीस जूनला. आजची त्यांना सापडेना. टपरीवाली कप विसळता विसळता त्यांच्याकडे बघत होती.

"आज एक तारीख," ती म्हणाली. "मदारका दिवस. आपल्याला स्वराज्य मिळालं तो. रेडिओवर सकाळपासून बँड वाजतोय."

ओबुरानं मॅडिसनच्या निरोपाकडे बघितलं. म्विकालीनं रस्त्याकडे बघितलं, तर खरंच, मुलं गणवेशाशिवाय हिंडत होती आणि माणसं नीटनेटकी होऊन कुठंकुठं निघाली होती.

"टेक्सास कुठं असेल हो ताई?" ओबुरानं हळूच विचारलं. "शेजारचं रुइरू? की थिका?"

 म्विकालीला त्याहून मोठा धक्का बसला होता.

"अरे, आज सुट्टी होती," ती म्हणाली. "आणि आपण काम करत बसलो."